फोनच्या खोलीत जागा नाही, तेव्हा…

गटाचा हिशेब मोबाइलवर भरता भरता अ‍ॅप मध्येच बंद पडतं आणि भरलेलं सगळं जातं. ‘माझंच बोट चुकलं,’ असं आपण म्हणतो. पण कितीदा तरी चूक बोटाची नसते, अडचण जागेची असते.

आपल्यापैकी कुणाचे सासरे, कुणाचे आजोबा लालबाग-परळच्या गिरण्यांत होते. चाळीतल्या एका खोलीत गावची कितीतरी माणसं राहायची. एक पाळी कामाला गेली की दुसरी तिच्या जागी आडवी व्हायची. कुणाची पथारी कुठे, हे कुणाला तरी ठरवावंच लागे. मोबाइलमध्ये हे काम ‘कर्नल’ करतो. अँड्रॉइड फोनमधला कर्नल लिनक्सचा. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ साली लिहायला घेतला.

फोनमधली ही खोली म्हणजे रॅम, काम चालू असतानाची जागा. फोटो ठेवायची ट्रंक वेगळी. म्हणून नुसते फोटो पुसून खोली मोकळी होत नाही.

जागा का मिळत नाही? कधी खोली खरंच भरलेली असते. मग कर्नल वापरात नसलेलं सामान दाबून, घडी घालून ठेवतो. तरी भागलं नाही तर एखादं अ‍ॅप बाहेर काढतो. कधी एखादं अ‍ॅप घेतलेली जागा सोडतच नाही. माणूस गावी गेला तरी पथारी पसरलेलीच. कधी जागा असते, पण तुकड्यातुकड्यांत, आणि चौघांना शेजारी शेजारी झोपायचं असतं. तेव्हा कर्नल पथाऱ्या सरकवून सलग जागा करतो.

दुरुस्ती करणारे काय पाहतात? जागा मागितल्यावर ‘नाही’ असं उत्तर आलं, तर पुढे काय करायचं हे लिहिलंय का? काम अर्धवट राहिलं तरी घेतलेली जागा परत होते का? कर्नलच्या कामात ‘नाही’कडे लक्ष न देता पुढे गेलं, तर अख्खा फोन बंद पडू शकतो. नकार मिळणं ही चूक नाही. नकाराची तयारी नसणं ही चूक.

आपणही तयारी ठेवूया. हिशेबाआधी बाकीची अ‍ॅप बंद करा. थोडं भरलं की सेव्ह करा. फोन अडखळायला लागला तर बंद करून पुन्हा चालू करा. खोली रिकामी होते. अ‍ॅप कुठल्या पानावर बंद पडलं ते टिपून अ‍ॅपवाल्यांना कळवा. दुरुस्तीला त्याचा उपयोग होतो. आणि गटाची वही? ती सोडू नका.