कालवा नव्हे, कालव!

बुधवार पेठेत ‘कालवे पालन’ असे शब्द उच्चारून पाहा. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं चाळणारा गृहस्थ मान वर करेल आणि स्वारगेटच्या दिशेला बोट दाखवेल. पुणेकराला कालवा एकच ठाऊक, खडकवासल्याचं पाणी शहरातून हडपसरकडे नेणारा. आणि त्याचं पालन पाटबंधारे खात्याकडे! मालवण-देवगडकडच्या माणसाच्या तोंडाला मात्र याच शब्दाने पाणी सुटतं. त्याच्या लेखी कालव म्हणजे खडकाला घट्ट चिकटलेला, खडबडीत कवचाचा शिंपला. इंग्रजीतला ऑयस्टर.

गंमत अशी, की ज्या घराने मासळी कधी उंबरठ्याच्या आत येऊ दिली नाही, तिथेही कालव गुपचूप येऊन गेलेलं असतं. होमिओपॅथीतलं कॅल्केरिया कार्ब हे औषध कालवाच्या कवचापासूनच करतात. साबुदाण्याएवढ्या गोळीतून ते पेठेतल्या कित्येक बाळांच्या जिभेवर विरघळलेलं आहे.

कोकणात कालवं काढणं हे पूर्वापार बायकांचं काम. ओहोटी लागली की कातळ उघडे पडतात. तिथे उकिडवं बसायचं, लहानशा हत्याराने कवच फोडायचं आणि आतला मऊ गर भांड्यात जमवायचा. धारदार कडांनी बोटं कापतात, तासन्‌तास कंबर मोडते, आणि भरतीचं पाणी पायाला लागेपर्यंत हाती येतो तो थोडासाच गर. कांदा, ओलं खोबरं आणि कोकम घालून केलेलं कालवांचं सुकं चाखणाऱ्याला या हिशेबाची कल्पना नसते. शिवाय त्याच त्या खडकांवर दर वर्षी हात पडला, तर नवी कालवं वाढायला उसंत राहत नाही.

शेतीची कल्पना इथे उपयोगी पडते. कालवाचं पिल्लू जन्मल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात भटकतं. मग एखादी टणक जागा पाहून स्वतःला कायमचं चिकटवून घेतं. त्याची आवडती जागा म्हणजे दुसऱ्या कालवाचं कवच. म्हणून रिकाम्या कवचांना भोकं पाडतात, पाच-सहा कवचं अंतरा-अंतराने नायलॉनच्या दोरीत ओवतात आणि या माळा खाडीत बांबूच्या मांडवाला टांगतात. पिल्लं आपसूक येऊन बसतात, आणि सात-आठ महिन्यांत पीक काढायला येतं. खत नाही, खाद्य नाही. पाण्यातले सूक्ष्म वनस्पतिजीव हेच अन्न. कोळंबीच्या तळ्यात खाद्याची पोती रिकामी करणाऱ्याला याचा हेवा वाटावा.

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या पद्धतीवर तुतिकोरीनला १९७० च्या दशकात काम केलं, आणि १९९० च्या दशकात केरळातल्या अष्टमुडी कायलात ती लोकांच्या हाती दिली. महाराष्ट्रात गेल्या दशकात संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर जैवविविधतेचा प्रकल्प झाला, त्यात बचत गटांतल्या बायकांनी कालवं आणि शिणाणे हे दुसऱ्या जातीचे शिंपले लावून पाहिले. पुढे २०१७ साली राज्य सरकारने कांदळवनं राखणाऱ्या गावांना उपजीविका देणारी योजना आणली. खेकडापालनाबरोबर कालवांनाही तिच्यात जागा मिळाली. विचार सरळ होता : कांदळवन शाबूत तर खाडी शाबूत, आणि खाडी शाबूत तर मांडवाला पीक.

हे पीक खाडीचं देणंही फेडतं. कालव कल्ल्यांवाटे पाणी ओढतं, त्यातलं अन्न ठेवून घेतं आणि नको ती माती चिकट गोळ्या करून तळाशी टाकतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक मोठं कालव अनुकूल स्थितीत दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळतं. तिथल्या चेसापीक उपसागराचा हिशेब रॉजर न्यूवेल या शास्त्रज्ञाने १९८८ साली मांडला. १८७० पूर्वीची कालवं सगळा उपसागर तीन ते सहा दिवसांत गाळू शकत होती. बेसुमार उपशानंतर उरलेल्यांना त्याच कामाला जवळजवळ वर्ष लागलं असतं. शेतातून वाहून आलेला नायट्रोजनही कालवाच्या अंगात आणि कवचात साठतो, आणि पीक काढलं की पाण्याबाहेर जातो. न्यूयॉर्कमध्ये २०१४ पासून हॉटेलांतली खाल्लेली कवचं गोळा करून बंदरात पुन्हा कालवांची वस्ती उभी केली जात आहे. २०३५ पर्यंत शंभर कोटी कालवं, हे या उपक्रमाचं उद्दिष्ट.

मात्र कालवाच्या डोक्यावर नको तेवढं श्रेय ठेवू नये. कवच घडताना थोडा कार्बन डायऑक्साइड बाहेरही पडतो, त्यामुळे ‘कवचात कार्बन कोंडला’ ही जाहिरात अर्धवट आहे. पावसाळ्यात खाडी गोडी झाली की कालवं मिटून बसतात, फार दिवस तसं राहिलं तर मरतात. म्हणून पीक मिरगाच्या आत काढावं लागतं. आणि गाळणं म्हटलं की गाळ आलाच : पाण्यातले जंतू, जड धातू तेही कालवात साठतात. विक्रीपूर्वी त्यांना स्वच्छ, निर्जंतुक पाण्यात ठेवून पोट साफ करू द्यावं लागतं. जंतू त्याने बरेच निघतात, धातू सहज निघत नाहीत.

जपानच्या केसेन्नुमा खाडीत शिगेआत्सु हाताकेयामा हे कालव-शेतकरी होते. पाणी बिघडू लागलं तेव्हा त्यांनी उत्तर खाडीत शोधलं नाही. १९८९ पासून सोबत्यांना घेऊन ते नदीच्या उगमाकडच्या डोंगरावर झाडं लावू लागले. खाडीत काय पिकणार, हे वर काय उगवतं आणि वरून काय वाहून येतं यावर ठरतं, हे त्यांना उमगलं होतं.

आपल्या मुठा नदीत कालवं सोडून उपयोग नाही. पाणी गोडं, आणि नदी भीमा-कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागराकडे जाणारी. पण तिच्या तोंडाशीही कुठेतरी खाडी आहे, कांदळवन आहे, शिंपल्यांवर पोट असलेली माणसं आहेत. पेठेतल्या मोरीतून निघालेलं पाणी फार लांबचा प्रवास करून त्यांच्या दारी पोचतं. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘कालवे’ म्हणालं, तर बोट दाखवण्याआधी एवढं विचारावं : आणणारे की गाळणारे? आणणारा आपल्याकडे आहे. गाळायचं काम मात्र आपण अजून खालच्यांवर सोडलं आहे.