गर्जा महाराष्ट्र : लोकांचें गाणें, राज्याचें गीत

पनवेल हें वाटांचें गांव आहे. मुंबईहून पुण्यास जाणारा रस्ता येथून बोरघाटाकडे वळतो, गोव्याचा रस्ता येथून दक्षिणेस फुटतो, आणि कोंकणांत जाणारी आगगाडीही याच स्थानकावरून पुढें जाते. खाडीकांठच्या या जुन्या बंदरांत इ. स. १८५२ सालीं नगरपालिका आली आणि इ. स. २०१६ च्या ऑक्टोबरांत तेथें महानगरपालिका झाली. या दोन सालांच्या दरम्यान गांवाचें रूप पार पालटलें. इ. स. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई वसूं लागली, आणि नवीन पनवेलच्या इमारतींत खानदेशांतलें, वऱ्हाडांतलें, मराठवाड्यांतलें व घाटावरचें बिऱ्हाड एकाच जिन्यावर शेजारी-शेजारी नांदूं लागलें.

ता. १ मे रोजीं झेंडावंदन आटोपलें, कीं येथील मुलें व त्यांचे पालक जें गीत एका सुरांत म्हणतात, तें ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हें होय. त्या गीतांत नद्यांची नांवें आहेत. रेवा आहे, वरदा आहे, कृष्णा, कोयना आणि गोदावरी आहेत. पनवेलच्या अंगाखांद्यावरून वाहणारी गाढी मात्र तींत नाहीं. किंबहुना कोंकणांतील एकाही नदीचें नांव त्यांत आलेलें नाहीं. असें असूनही पनवेलचें मूल तें गीत आपलेंच म्हणून गातें. ज्या गाण्यांत आपल्या गांवचें पाणी नाहीं, तें गाणें आपलें कसें होतें, आणि साठ वर्षांहून अधिक काळ तें लोकांच्या ओठांवर कसें टिकतें, याचा थोडा विचार करण्याजोगा आहे.

हें गीत कोणत्या काळांत जन्मलें, तें प्रथम पाहूं. इ. स. १९५६ पूर्वीं मराठी बोलणारा मुलूख तीन राज्यांत वांटला गेला होता. कोंकण व देश मुंबई राज्यांत, मराठवाडा निजामाच्या जुन्या हैदराबाद राज्यांत, आणि नागपूर-विदर्भ मध्यप्रदेशांत. पनवेल त्या वेळीं कुलाबा जिल्ह्यांत मोडत असे. त्या जिल्ह्यास रायगड हें नांव पुढें इ. स. १९८१ सालीं मिळालें. ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं हे सर्व भाग द्वैभाषिक मुंबई राज्यांत एकत्र आले. परंतु मराठी भाषेचें स्वतःचें राज्य व्हावें ही मागणी कायम राहिली. तिच्यासाठीं मोर्चे निघाले, गोळीबार झाले, शंभराहून अधिक माणसांनीं प्राण दिले. अण्णाभाऊ साठे व अमर शेख यांच्यासारखे शाहीर डफ घेऊन गांवोगांव हिंडले. अखेर ता. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य अस्तित्वांत आलें, आणि त्याच सालीं ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या कंपनीनें या गीताची ध्वनिमुद्रिका काढली.

महाराष्ट्राचें गीत त्यापूर्वीं कोणीं लिहिलें नव्हतें असें नाहीं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचें महाराष्ट्रगीत होतें; गोविंदाग्रजांचेंही होतें. दोन्ही गीतें थोर आहेत, आणि पिढ्यान् पिढ्या शाळांतून तीं शिकविलीं गेलीं आहेत. परंतु त्यांची जडणघडण काव्याची आहे. कडवीं पुष्कळ, शब्द संस्कृतप्रचुर, आणि पुस्तक हातांत नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या कडव्याशीं म्हणणारा अडतो. नव्या राज्यास जें गीत लाभलें, तें मुळांतच गाण्यासाठीं रचलेलें होतें. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावत असे. एवढ्या अवधींत सांगावयाचें तें सांगून मोकळें व्हावें लागे. हें बंधन या गीतास वरदानच ठरलें.

हें गीत तिघांनीं घडविलें, आणि हे तिघेही मराठी मुलखाच्या वेगवेगळ्या कोंपऱ्यांतून आलेले होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कवि राजा बढे हे नागपूरचे. त्यांचा जन्म इ. स. १९१२ चा. चित्रपटांसाठीं आणि भावगीतगायकांसाठीं त्यांनीं विपुल गीतें लिहिलीं. नाजूक शृंगाराचीं गाणीं ही त्यांची खरी ओळख. वीरश्रीचें हें गीत त्याच लेखणींतून उतरलें. संगीतकार श्रीनिवास खळे यांचा जन्म ता. ३० एप्रिल १९२६ रोजीं मुंबईंत झाला, परंतु बालपण व संगीताचें शिक्षण गायकवाडांच्या बडोद्यास झालें. गायक कृष्णराव साबळे, म्हणजे शाहीर साबळे, हे सातारा जिल्ह्यांतील वाईजवळच्या पसरणीचे. त्यांचा जन्म इ. स. १९२३ सालचा. लहानपणीं शिक्षणासाठीं ते खानदेशांत अमळनेरला होते, आणि तेथें त्यांना साने गुरुजींचा सहवास लाभला. विदर्भाचे शब्द, बडोद्यास रुजलेले सूर आणि कृष्णाकांठचा गळा असा हा मेळ होता. राज्य एक होण्याच्या वर्षींच गाण्यानेंही हें ऐक्य साधलें होतें.

आतां गीताच्या रचनेकडे वळूं. त्यांत तीन कडवीं आहेत, आणि प्रत्येकाचें काम निराळें आहे. पहिलें कडवें भूमि व पाणी यांचें. रेवा म्हणजे नर्मदा, राज्याच्या उत्तर टोंकाची, वरदा म्हणजे विदर्भांतली वर्धा, कृष्णा-कोयना साताऱ्याकडच्या, गोदावरी नाशिकपासून मराठवाड्यांतून वाहणारी. कालपर्यंत जे प्रदेश तीन राज्यांत विखुरलेले होते, त्यांच्या नद्यांचें पाणी कवीनें एकाच मातीच्या भांड्यांत भरलें आहे. त्याच कडव्यांत भीमेकांठच्या तट्टांना यमुनेवर नेण्याची हांक आहे. भीमथडीचीं हीं घोडीं अंगानें लहान, पण डोंगरांत व लांबच्या मजलींत चिवट. मराठ्यांची फौज त्यांवरूनच उत्तरेंत गेली. इ. स. १७७१ सालीं महादजी शिंदे यांच्या काळांत मराठ्यांनीं दिल्ली हस्तगत केली आणि पुढच्या वर्षाच्या आरंभीं बादशहा शाह आलम यास तेथें आणून बसविलें. हा इतिहास ठाऊक असला म्हणजे त्या ओळीचा आणि गीताच्या अखेरीस येणाऱ्या दिल्लीच्या तख्ताच्या उल्लेखाचा अर्थ उलगडतो.

दुसरें कडवें सह्याद्रीचें व शिवछत्रपतींचें. तिसरें कडवें मात्र पराक्रमाच्या गीतांत सहसा न आढळणारी गोष्ट सांगतें. त्यांत दारिद्र्याचें ऊन आहे, कपाळावरचा घाम आहे, झिजणें आहे. हा महाराष्ट्र कष्टकऱ्याचा आहे. केवळ विजयाची बढाई असती, तर गिरणींतील कामगारानें किंवा कोरडवाहू शेतकऱ्यानें तें गीत दुसऱ्याचें म्हणून ऐकलें असतें. येथें त्याचें स्वतःचें जिणेंच गौरवाच्या पंक्तीस बसविलेलें आहे.

ध्रुवपदाची करामत तर याहून साधी आहे. ‘महाराष्ट्र माझा’ या दोन शब्दांत दीर्घ ‘आ’ पुन्हा पुन्हा येतो. तोंड उघडून मोठ्यानें म्हणण्यास हा स्वर सर्वांत सोयीचा; ज्यास गाणें येत नाहीं तोही त्यावर आवाज लावूं शकतो. ‘गर्जा’ हें आज्ञार्थी क्रियापद आहे. शाहीर पुढें उभा राहून समोरच्या समुदायास सांगतो, आणि समुदाय उत्तर देतो. पोवाड्यांत शाहिराच्या मागें झीलकरी जें करतात, तेंच काम येथें सर्व श्रोत्यांवर सोंपविलेलें आहे. आणि शब्द ‘आमचा’ असा नसून ‘माझा’ असा आहे. हजार माणसें एकदम म्हणत असतांही प्रत्येकजण आपल्यापुरतें म्हणतो. खळ्यांची चालही याच बेताची आहे. त्यांच्या इतर पुष्कळ चाली गायकाची परीक्षा पाहणाऱ्या; ही चाल मात्र पावलांच्या ठेक्यावर चालते. आणि साबळ्यांचा आवाज मैदानांत कमावलेला. त्यास सजावटीची गरज नव्हती.

ध्वनिमुद्रिकेवरून तें गीत आकाशवाणीवर गेलें, तेथून शाळांच्या संमेलनांत, लेझिमीच्या पथकांत, गणेशोत्सवांतील मेळ्यांत आणि सभांच्या मंडपांत. शाहीर साबळे यांनीं ‘महाराष्ट्राची लोकधारा’ हा कार्यक्रम रंगभूमीवर आणून लोककला शहरांतील प्रेक्षकांपुढें मांडल्या. इ. स. १९७७ सालीं राजा बढे निवर्तले, इ. स. २०११ सालीं खळे गेले, इ. स. २०१५ सालीं शाहीर साबळे गेले. इ. स. २०२३ सालीं साबळे यांच्या जीवनावर ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट निघाला. तबकडी गेली, फीत गेली, आतां गाणीं भ्रमणध्वनींत सांठवलीं जातात. गीत मात्र तसेंच राहिलें.

या साऱ्या काळांत त्यास सरकारी मान्यता नव्हती. ती फार उशिरां आली. ता. ३१ जानेवारी २०२३ रोजीं राज्याच्या मंत्रिमंडळानें तें राज्यगीत म्हणून स्वीकारलें, आणि ता. १९ फेब्रुवारी या शिवजयंतीच्या दिवसापासून निर्णय अंमलांत आला. तीनपैकीं दोन कडवीं घेण्यांत आलीं, आणि सुमारें पावणेदोन मिनिटांचें रूप ठरलें. शाळांत प्रार्थना व राष्ट्रगीत यांच्याबरोबर तें म्हटलें जावें असेंही ठरलें.

मान्यता आधीं कीं लोकप्रियता आधीं, या प्रश्नावर हॉलंड देशाचा अनुभव बोधप्रद आहे. नेपोलियनच्या पाडावानंतर तेथें नवें राज्य स्थापन झालें, तेव्हां राष्ट्रगीतासाठीं स्पर्धा लावण्यांत आली. टोलेन्स नांवाच्या कवीच्या गीतास बक्षीस मिळालें, आणि इ. स. १८१५ पासून इ. स. १९३२ पर्यंत तेंच अधिकृत राहिलें. परंतु लोकांच्या मनांत दुसरेंच एक गीत होतें. स्पेनच्या सत्तेविरुद्धच्या लढ्यांत, सोळाव्या शतकांत रचलें गेलेलें ‘विल्हेल्मस’. अधिकृत गीत हळूहळू मागें पडलें, आणि अखेर ता. १० मे १९३२ रोजीं सरकारनें लोकांच्या गीतापुढें मान तुकविली. जर्मनांनीं देश व्यापला असतां ‘विल्हेल्मस’नेंच डचांचें धैर्य टिकविलें. बक्षिसाचें गाणें शंभर वर्षें हुकुमावर जगलें आणि हुकूम उठतांच विसरलें गेलें. महाराष्ट्रानें ही चूक केली नाहीं. येथें गीताची निवड लोकांनीं आधींच केली होती; राज्यानें फक्त तिच्यावर शिक्का उमटविला.

परंतु शिक्क्याबरोबर एक धोकाही येतो. जें आवडीनें म्हटलें जात होतें, तें आतां रोजच्या परिपाठांतील एक बाब झालें आहे. हजेरीसारखें, ओठांवरून घसरत जाणारें. शिवाय अधिकृत रूप दोन कडव्यांचें असल्यामुळें उरलेलें कडवें पुढच्या पिढीच्या कानांवरून जाण्याचा संभव आहे. हें कांहीं नवें नाहीं. राष्ट्रगीताच्या बाबतींतही रवींद्रनाथांच्या पांच कडव्यांपैकीं पहिलेंच आपण म्हणतों, आणि उरलेलीं चार फारच थोड्यांस ठाऊक असतात. ‘विल्हेल्मस’चीं पंधरा कडवीं आहेत, पण बहुधा एक किंवा दोनच गाइलीं जातात. समारंभास लहान रूप सोयीचें असतें, हें खरें. परंतु घरांत व वर्गांत संपूर्ण गीत शिकविण्यास कोणाचीही आडकाठी नाहीं. रेवा कोणती, वरदा कोणती, भीमथडीचीं तट्टें यमुनेवर कशासाठीं गेलीं, हें मुलास नकाशावर बोट ठेवून सांगितलें, तर तेंच गीत त्याच्यासाठीं दुसऱ्या दिवशीं निराळें होईल.

असा नकाशा पनवेलच्या एखाद्या घरांत उघडला, तर मूल साहजिकच विचारील, ‘मग आपली गाढी कोठें आहे?’ तिचें उत्तर गीतांतच आहे. तेथें सह्याद्रि आहे. गाढी माथेरानच्या डोंगराकडून उतरते आणि पनवेलच्या खाडीस मिळते. कोंकणच्या नद्या सह्याद्रीच्या एका उतारावरून पश्चिमेस येतात, कृष्णा, भीमा व गोदावरी त्याच्याच दुसऱ्या उतारावरून पूर्वेस जातात. पाऊस एकच, डोंगराच्या माथ्यावर त्याच्या वाटा फुटतात. शेजारच्या बिऱ्हाडांतील मुलाचें गांव गोदाकांठीं असेल, वरच्या मजल्यावरचें कुटुंब वर्धेच्या कांठचें असेल; त्या दोन्ही नद्या गीतांत आहेत आणि दोन्ही मुलें आतां गाढीच्या कांठीं राहतात. नांव न घेतलेली नदीही त्या घागरींत आहे, हें ज्या दिवशीं मुलास उमगेल, त्या दिवसापासून तें राज्यगीत त्यास हुकुमावांचून येईल.