हंसराज आणि लेकरांचा खोकला

पावसाळा सरता सरता एखाद्या जुन्या विहिरीत किंवा बारवेत डोकावून पाहा. पाण्याच्या वर, दगडांच्या सांध्यांतून एक नाजूक हिरवी वनस्पती लोंबताना दिसेल. काळीभोर, चकचकीत, तारेसारखी काडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना अर्धचंद्रासारखी पाने. या वनस्पतीला फूल येत नाही, फळही येत नाही. पानाच्या कडेला खालून तपकिरी रेघ असते, तिथे तिचे बीजाणू तयार होतात. हा नेचा. लोक त्याला हंसराज म्हणतात, काही ठिकाणी पानाच्या आकारावरून घोडखुरी. आपला जिल्हा कोरडा, त्यामुळे नेच्यांची इथे फारशी चैन नाही. तरी भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगररांगांत, ओढ्याकाठच्या सावलीच्या कपारींत हा पावसाळ्यात उगवतो आणि उन्हाळा आला की दिसेनासा होतो.

दरवर्षी थंडी पडू लागली की माझ्या दवाखान्यात एखादी आजी नातवंडाला घेऊन येते आणि विचारते, "डॉक्टरसाहेब, लेकराला हंसराज दिला तर चालंल का?" या प्रश्नाला हसण्यावारी नेणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. मला तसे करवत नाही, कारण त्या प्रश्नामागे फार जुनी ओळख आहे. अजिंठ्याच्या डोंगरातले भिल्ल असोत की सह्याद्रीतले ठाकर-कातकरी, रानातला कोणता पाला कशाला लागतो हे ज्ञान त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपले आहे. मुंबईत काम केलेल्या विल्यम डायमॉक यांनी सहकाऱ्यांसह १८९० ते १८९३ या काळात 'फार्माकोग्राफिया इंडिका' हा मोठा ग्रंथ काढला. हंसराजाची पाने पाण्यात वाटून, साखर घालून तापलेल्या मुलांना देण्याची गुजरातेतली रीत त्यात नोंदलेली आहे. आपल्या आज्यांचा खडीसाखरेचा काढा याच घरातला.

या हंसराजाचा एक भाऊबंद युनानी वैद्यकात परसियावशान या नावाने प्रसिद्ध आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे हकीमसाहेबांचा जोशांदा आपल्याकडच्या जुन्या लोकांना चांगला ठाऊक. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्यानेही दम्यासाठी याच नेच्याचे नाव घेतले आहे. युरोपात त्याचे सरबत निघाले, ते इतके लोकप्रिय झाले की पुढे त्यात नेचा नावालाच उरला आणि साखर व संत्र्याच्या फुलांचे पाणी तेवढे राहिले. गोड औषधांची ही जुनीच गोष्ट!

इतक्या लांबलांबच्या लोकांनी एकच पाला खोकल्यासाठी निवडला, याला काही कारण असणार. या पानांत बुळबुळीत द्रव्य असते, त्याने खवखवणारा घसा मऊ पडतो. काढा कोमट असतो, पोटात पाणी जाते. साध्या सर्दीच्या खोकल्याला एवढे पुरते, कारण तो आठवडा-दहा दिवसांत आपोआप जातो. मोठ्या मुलाला थोडा काढा द्यायला माझी हरकत नाही. पाला मात्र सांडपाण्याजवळचा नको, स्वच्छ धुऊन चांगला उकळलेला हवा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला काढ्यात मध तर मुळीच घालू नये. मधातल्या जंतूंमुळे क्वचित, पण जिवावर बेतणारा विकार होतो.

काढा कशावर चालत नाही, हे ओळखता आले पाहिजे. न्यूमोनियाला आपल्याकडे 'डबा' म्हणतात. त्यावर हंसराज उपयोगी पडत नाही आणि त्याची वाट पाहण्यात जो एक दिवस जातो तोच महाग पडतो. ओळखायचे कसे? बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, पोटावरचे कापड वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर काढा बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल, ओठ निळे पडले असतील किंवा झटके येत असतील, तर १०८ ला फोन करून सरळ रुग्णालय गाठा.

हे मोजणे अवघड आहे असे कोणी म्हणू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या सुइणींनाही हे शिकवले. गावातच न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक दिल्यावर बालमृत्यू घटले, हे त्यांनी १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले. सुईण जे करू शकली, ते घरातल्या आजीला का जमू नये? शिवाय २०२१ पासून न्यूमोनियाची एक लस (पीसीव्ही) सरकारी लसीकरणात मोफत मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयाला. लसीकरणाचे कार्ड काढून बघा.

घोडखुरीचा दुसरा उपयोग धावऱ्यावर, गेरूत मिसळून लेप. इथे मात्र माझा स्पष्ट नकार आहे. धावरे म्हणजे जंतूंमुळे कातडीला येणारी लाल, चकचकीत, गरम सूज, बरोबर थंडी-ताप. पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांनी ती आटोक्यात येते. गेरू लावला की कातडी आधीच लाल, मग सूज वर सरकते आहे की उतरते आहे हे डॉक्टरलाही कळत नाही. लेपाऐवजी लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून या, त्याचा मला जास्त उपयोग होतो. मधुमेह असलेल्यांनी तर एक रात्रही थांबू नये.

नेचा म्हणजे निरुपद्रवी पाला, असेही समजू नका. युरोपातल्या एका नेच्याच्या मुळाचा अर्क पोटातल्या पट्टकृमीवर खरोखर चालायचा, तो ब्रिटिश औषधकोशात होता. पण मात्रा थोडी वाढली की रोगी आंधळा व्हायचा, म्हणून चांगली औषधे आल्यावर तो मागे पडला. आपला हंसराज त्या मानाने सौम्य आहे. तरी युनानी ग्रंथ त्याला पाळी आणणारा म्हणतात, तेव्हा गरोदर बाईने आणि मूल हवे असणाऱ्या बाईने तो घेऊ नये.

मोठ्या माणसांसाठी एवढेच, की खोकला दोन आठवड्यांवर गेला तर कोणताही काढा चालू असो, थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि क्षयाची औषधे दोन्ही मोफत आहेत. सकाळी चूळ भरून, खोलवर खोकून आलेला बेडका द्यावा. नुसती लाळ दिली तर तपासणीला अर्थ राहत नाही.