काचीगुडा: अंगणात हत्ती, शेजारी फुलांची उतरंड

काचीगुडा म्हटलं की मराठवाड्यातल्या माणसाला अजिंठा एक्स्प्रेस आठवते. हैदराबादमधलं, निजामाच्या काळातलं, १९१६ चं हे स्टेशन. घुमट बघायला तरी थांबाच. हैदराबाद आणि मराठवाडा १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते, त्यामुळे शेजारच्या इसामिया बाजारात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे याचं नवल नको.

पण खरी मजा नवरात्रात! सर्वपित्री अमावस्येला तेलंगणातल्या बायका बतुकम्मा मांडतात: ताटात कुरडूचे पांढरे तुरे, तरवडाची पिवळी फुलं, झेंडू, असे थरावर थर, निमुळते होत वर. मधोमध ठेवून टाळ्यांवर फेर. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, म्हणजे आपल्याकडे पाटावर हत्ती, भोंडला, तोच फेर! फरक असा, की आपला हत्ती जागचा हलत नाही आणि बतुकम्मा शेवटी पाण्यात सोडतात. खाण्यात मात्र आपण जास्त खोडकर, खिरापत आधी ओळखायला लावतो. त्यांच्याकडे अष्टमीच्या सुमारास, सद्दुला बतुकम्माला, दहीभात, चिंचेचा भात, तिळाचा भात उघड उघड वाटतात. माझं मत विचाराल तर चिंचेच्या भाताची रांग आधी धरा.