डिक्कीत चौदाशे पृथ्व्या

मलकापूर, नांदुरा किंवा शेगावच्या फलाटावर उभे राहा. चोवीस डब्यांची एक्स्प्रेस ओढत डब्ल्यूएपी-७ इंजिन येईल. ताकद ६,३५० अश्वशक्ती! डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट! सगळा जोर लावला तर हे इंजिन तारेतून किती करंट ओढते? साधारण २०० अँपिअर.

आता स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या एखाद्या हौशी गाडीची डिक्की उघडा. आत खऱ्या १,००० वॉटचा अँप्लिफायर आणि भलाथोरला वूफर. पूर्ण आवाजात बेस घुमला की हा अँप बॅटरीकडे मागतो सुमारे १०० अँपिअर. चोवीस डबे ओढणाऱ्या इंजिनाच्या निम्मा करंट, तोही एका डिक्कीत!

हा चमत्कार व्होल्टचा. घरातली १,००० वॉटची इस्त्री २३० व्होल्टवर चालते, म्हणून तिचे साडेचार अँपिअरच्या आत भागते. गाडीत मिळतात जेमतेम १३ व्होल्ट. व्होल्ट घटले की अँपिअर वाढलेच! त्यात थोडी ताकद अँपच्या आतच उष्णता होऊन जाते, तिचीही भरपाई करावी लागते.

१०० अँपिअर म्हणजे नेमके किती? दर सेकंदाला ६२४ वर अठरा शून्ये इतके इलेक्ट्रॉन! एकेका इलेक्ट्रॉनला एक रुपया माना आणि १४० कोटी भारतीयांत वाटून टाका. प्रत्येकाच्या वाट्याला ४४ हजार कोटी रुपयांहून जास्त येतील. तेही एका सेकंदाचे! पुढच्या सेकंदाला पुन्हा तेवढेच. रुपये नकोत? मग प्रत्येक इलेक्ट्रॉन पाण्याचा थेंब समजा आणि आपल्या लोणारला चला. पावणेदोन किलोमीटरहून जास्त रुंद असलेले ते विवर काठोकाठ भरा. एका सेकंदाच्या थेंबांत अशी एक लाखाहून जास्त लोणारे भरतील!

एवढी प्रचंड गर्दी, मग ती धावत असेल किती वेगाने? इथे तर बोटच तोंडात जाते. चार गेजच्या, म्हणजे २१ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरमध्ये ही गर्दी सेकंदाला मिलिमीटरचा जेमतेम एक तृतीयांश सरकते. बॉनेटपासून डिक्कीपर्यंतचे पाच मीटर कापायला चार तास! मुंबईहून पुण्याला याच चालीने निघालेला इलेक्ट्रॉन पोचेल साडेतेरा वर्षांनी. तरीही बेस क्षणात दणाणतो, कारण वायरभर उभी असलेली ही सगळी रांग एकदमच सरकते.

या रांगेला वाट अरुंद दिली तर? घरातल्या सॉकेटची २.५ चौरस मिलिमीटरची वायर पाच मीटर ओढून पाहा. साडेतीन व्होल्ट वाटेतच गडप आणि वायरीत ३४० वॉटची धग! चार गेजच्या वायरीत हाच तोटा अर्ध्या व्होल्टच्याही आत राहतो. नट सैल आहे, अर्थच्या थिंबलखालचा रंग खरवडलेला नाही, एवढ्याने एक शतांश ओहमचा अडथळा येतो. शतांशच ना? पण १०० अँपिअरला तेवढ्याने एक व्होल्ट जातो आणि त्या एका नटावर १०० वॉट तापतात!

आणि आता डिक्कीतला खरा महाबली. दुकानात पाण्याच्या बाटलीएवढा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा डबा मिळतो, त्यावर त्याची क्षमता लिहिलेली असते '१ फॅरॅड'. आपली अख्खी पृथ्वी एक एकटा गोळा म्हणून मोजली तर तिची विद्युतभार साठवण्याची क्षमता भरते एका फॅरॅडच्या सुमारे चौदाशेव्या भागाइतकी. चौदाशे पृथ्व्या त्या बाटलीत! एकाच धातूच्या गोळ्यातून एक फॅरॅड हवा असेल तर त्याची त्रिज्या लागेल ९० लाख किलोमीटर. मेहकर, सिंदखेड राजावरून जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर रोज एक खेप केली, एकही दिवस खाडा केला नाही, तरी हे अंतर पुरे व्हायला पस्तीस वर्षे लागतील! आणि त्या गोळ्याच्या पोटात आकारमानाने दोन हजारांहून जास्त सूर्य बसतील. दोन हजार सूर्य!

एवढ्या महाबलीची पुंजी अँपला किती वेळ पुरते? व्होल्टेज १४.४ वरून १२.४ वर येईपर्यंत सेकंदाचा जेमतेम पन्नासावा भाग. ५० हर्ट्झच्या बेसची फक्त एक लाट!

म्हणून पैसे आधी जाड, खऱ्या तांब्याच्या वायरीवर घाला. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज बसवा, अर्थची जागा पत्रा चकाकेपर्यंत घासा, नट घट्ट आवळा आणि अल्टरनेटरला किती अँपिअर झेपतात ते तपासा. कपॅसिटर त्यानंतर.