सेंद्रिय दुधाचा शिक्का काय सांगतो?

सकाळच्या धारेला एका सडातून दुधाबरोबर गुठळ्या आल्या, कास गरम आणि टणक लागली, की पशुपालक काय ते समजतो. गावाकडे ज्याला ‘दगडी’ म्हणतात, तो कासदाह सुरू झालेला असतो. एरवी डॉक्टर प्रतिजैविक देतात आणि ठरावीक दिवस त्या गाईचे दूध विकू नका, असे बजावतात. गोठा प्रमाणित सेंद्रिय असेल, तर मात्र प्रश्न अवघड होतो.

सेंद्रिय गोठ्यात औषध द्यायचेच नसते, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. अमेरिकेत प्रतिजैविक दिलेल्या गाईचे दूध पुढे सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. पण शिक्का टिकवण्यासाठी आजारी जनावराचे उपचार टाळणे हाही तिथे नियमभंगच आहे. युरोपीय संघात औषध चालते, मात्र दूध बाजूला ठेवण्याचा काळ दुप्पट धरावा लागतो. दहा दुभत्या गाईंच्या गोठ्यात एक गाय बाजूला झाली, तर सुमारे दहावा हिस्सा उत्पन्न थांबते. म्हणून लहान सेंद्रिय गोठ्याचा सगळा भर आजार होऊ न देण्यावर असतो. बसायची जागा कोरडी ठेवणे, धारेआधी सड धुऊन पुसणे आणि धारेनंतर लगेच चारा टाकणे, ही रोजची कामे. चारा समोर असला की गाय काही वेळ उभी राहते आणि सडाचे तोंड मिटायला अवधी मिळतो.

दुसरी अडचण चाऱ्याची. जनुकीय बदल केलेल्या पिकाचे खाद्य सेंद्रिय गोठ्यात चालत नाही. देशातील बहुतांश कापूस बीटी असल्याने महाराष्ट्रात घरोघरी वापरली जाणारी सरकी पेंड इथे बाद ठरते. शिवाय रासायनिक खते-फवारण्या थांबवल्यानंतर जमीन सेंद्रिय ठरायला दोन ते तीन वर्षे जातात. तोपर्यंत खर्च सेंद्रियचा आणि भाव साध्या दुधाचा, अशी स्थिती असते.

दूध दही, पनीर, तूप करून विकले, तर चार पैसे जास्त मिळतात. इथे गोठ्यातली शिस्त लगेच दिसते. दुधात प्रतिजैविकाचा अंश राहिला, तर विरजणातले जीवाणू वाढत नाहीत आणि दही नीट लागत नाही.

मात्र सेंद्रिय शिक्का सगळ्याच गोष्टींची हमी देत नाही. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) 2018 मध्ये देशभरातील दुधाचे 6,432 नमुने तपासले. त्यांत 77 नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर आढळले, तर 368 नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम-1. हे विष येते बुरशी लागलेल्या चाऱ्या-पेंडीतून, आणि दूध उकळूनही ते जात नाही. ओलसर जागेत साठवलेला सेंद्रिय मकाही बुरशीतून सुटत नाही. म्हणजे चारा कोरडा ठेवणे हेही आरोग्याचेच काम.

कच्च्या दुधाचेही तसेच. ब्रुसेलोसिस आणि गोवंशीय क्षयाचे जंतू दुधातून माणसापर्यंत पोचू शकतात. 63 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे किंवा 72 अंशांना 15 सेकंद तापवून लगेच थंड केले की ते मरतात. ‘सेंद्रिय आहे, मग कच्चेच प्यावे’ हा सल्ला म्हणून धोक्याचा.

पोषणात फरक आहे, पण बेताचा. न्यूकॅसल विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सेंद्रिय दुधात ओमेगा-3 मेदाम्ले सुमारे 50 टक्के जास्त, तर आयोडीन कमी आढळले. ओमेगा-3 वाढते ते मुख्यतः गाई हिरवा चारा जास्त खातात म्हणून. दुधातून मिळणारे त्याचे एकूण प्रमाण मात्र थोडेच.

तेव्हा महाग सेंद्रिय दूध घेताना पिशवीवर किंवा बाटलीवर ‘जैविक भारत’ हे चिन्ह पाहावे. दूध पाश्चरीकृत आहे का, हेही वाचावे. दूध थेट गोठ्यातून येत असेल, तर मालकाला दोन प्रश्न जरूर विचारावेत: गाय आजारी पडल्यावर तिच्या दुधाचे काय करता, आणि पावसाळ्यात चारा कुठे ठेवता? चांगला पशुपालक या प्रश्नांनी रागावत नाही. तो गोठा दाखवायला नेतो.