बिंबाणूंची तातडी आणि फुरशाचा घात

लांज्याच्या कातळावर गवत कापताना कोयत्याचे पाते बोटाला निसटते लागले, तर रक्त बहुधा काही मिनिटांत आपसूक थांबते. आणि त्याचे श्रेय ज्या केंद्रकहीन, दोन-तीन मायक्रॉन व्यासाच्या बिंबाणूंकडे जाते, त्यांची ही कामगिरी जूलिओ बिझ्झोझेरो या इटालियन संशोधकाने १८८२ साली विशद केली. दुखावलेली सूक्ष्मवाहिनी प्रथम आकुंचन पावते, तिच्या फाटल्या अस्तराखालचे कोलॅजन उघडे पडते, त्यावर व्हॉन विलेब्रँड नामक प्रथिनाच्या मध्यस्थीने बिंबाणू चिकटतात, आणि चिकटताच आकार पालटून, एडीपी व थ्रॉम्बॉक्सेन ही द्रव्ये सोडून, वाहत्या रक्तातील आपल्या सोबत्यांवर हजर राहण्याचे जणू फर्मानच बजावतात; जमलेल्यांना फायब्रिनोजेन परस्परांशी जखडते.

हा बांध मात्र कच्चा. तो पक्का होतो याच फायब्रिनोजेनपासून बनणाऱ्या फायब्रिनच्या जाळ्याने. रत्नागिरी जिल्ह्यात कुप्रसिद्ध असलेल्या फुरसे या सापाचे विष नेमके येथेच घात करते. हे रूपांतर घडवून आणणाऱ्या प्रोथ्रॉम्बिन या प्रथिनाला ते अकारण उद्दीपित करते, त्यापायी फायब्रिनोजेनचा साठा रक्तप्रवाहातच खर्ची पडतो, आणि मग बिंबाणूंची संख्या (दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख, हे निरोगी प्रमाण) पुष्कळदा शाबूत असूनही हिरड्यांतून, दंशाच्या जागेतून, क्वचित लघवीतूनही रक्त झिरपू लागते. याची कसोटी विलक्षण साधी, आणि म्हणूनच मला फार मोलाची वाटते : स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवायचे; न गोठल्यास प्रतिविष तातडीने द्यायचे, कारण विष निष्प्रभ होईतो बाहेरून दिलेले रक्तघटकही त्याच वाटेने जातात.